लिंकनच्या काकांना, 2018 च्या अमेरिकन फुटबॉल सीझनसाठी मनापासून थँक यू

काका, सा. न.

फोनवर हे बोलायला गेलं की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय.

2018 च्या ऑगस्टमध्ये मी एमएससाठी अमेरिकेत लिंकनला आलो तेव्हा नेब्रास्का राज्य नकाशात कुठे येतं हेसुद्धा आमच्या घरी कोणाला माहीत नव्हतं. कॉलेज सुरू झालं की आठवडा कसातरी निघायचा पण शनिवार अगदी खायला उठायचा, सगळं गाव लाल कपडे घालून स्टेडियमकडे निघालेलं आणि मी रूमवर एकटा. मग गणपतीच्या जेवणाला तुमची ओळख झाली आणि दोनच दिवसांनी नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या ट्रॉय युनिव्हर्सिटीविरुद्धच्या मॅचला तुम्ही मला गाडीत घालून घेऊन गेलात. काकूंना पायऱ्या चढवत नव्हत्या म्हणून त्यांचं सीझन तिकीट मोकळं होतं. मेमोरियल स्टेडियम 1962 पासून प्रत्येक मॅचला फुल असतं, ते तिकीट विकायला तुम्हाला काहीच अवघड नव्हतं, पण तुम्ही ते कालपरवा ओळख झालेल्या पोराला दिलंत.

आणि सीझन तरी कसला! स्कॉट फ्रॉस्ट म्हणजे नेब्रास्काच्याच वुड रिव्हरचा मुलगा, 1997 च्या चॅम्पियन टीमचा क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन टीमचा खेळ चालवणारा), आदल्या वर्षी सेंट्रल फ्लोरिडाच्या टीमला 13-0, म्हणजे तेरा मॅच जिंकून एकही न हरता, कोच म्हणून घरी परत आलेला, त्यामुळे आता सगळं ठीक होणार असं लोकांनी धरूनच ठेवलेलं. पहिली मॅच विजा कडाडल्या म्हणून रद्द, दुसऱ्या मॅचला कोलोरॅडोकडून 28-33 हार आणि आपला क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझचा गुडघा दुखावला. एक बॅकअप सीझनच्या आधीच कॉलेज सोडून गेलेला, त्यामुळे ट्रॉयसमोर स्कॉलरशिप नसलेला पोरगा क्वार्टरबॅक म्हणून उतरला. चार डाऊनमध्ये, म्हणजे चार प्रयत्नांत, बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा हे गणित तुम्ही मला समोरच्या बाकाच्या पाठीवर बोटाने रेघा ओढून समजावलंत, प्रत्येक वेळी मी तेच विचारलं तरी न वैतागता. 19-24 हरलो. मला वाटलं आता सगळे शिव्या घालत निघतील, पण तुम्ही थांबलात, आजूबाजूचे कितीतरी जण थांबले, आणि ट्रॉयची पोरं आत जाताना तुम्ही त्यांच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवल्यात. असं मी तोपर्यंत कुठल्याच खेळात बघितलं नव्हतं.

मग मिशिगनकडे 10-56, नॉर्थवेस्टर्नला जिंकत आलेली मॅच, शेवटच्या दोनेक मिनिटांत त्यांनी 99 यार्डांचा ड्राईव्ह केला, म्हणजे जवळजवळ अख्खं मैदान पार करत स्कोअर केला, आणि ओव्हरटाईममध्ये आपण हरलो. 0-6, म्हणजे सहाच्या सहा मॅच हरलेल्या, इतकी वाईट सुरुवात नेब्रास्काच्या इतिहासात कधी झाली नव्हती. ती मॅच तुमच्या घरी टीव्हीवर बघितली, काकूंनी केलेले पोहे तसेच राहिले होते, पण तुमच्या तोंडून त्या पोरांबद्दल एक वाकडा शब्द आला नाही. "अठरा-एकोणीस वर्षांची मुलं आहेत रे, तुझ्यापेक्षा लहान," एवढंच म्हणालात. त्या आठवड्यात माझी मिडटर्म पार झोपलेली, घरी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं. तुम्ही लेक्चर दिलं नाहीत, पुढच्या शनिवारी किती वाजता न्यायला येताय ते सांगितलंत. त्या शनिवारी मिनेसोटाला 53-28 ने हरवलं, आणि पहिल्या स्कोअरला लाल फुगे आकाशात सुटले तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलंय काका.

सगळ्यात जास्त लक्षात आहे ती मिशिगन स्टेटची मॅच. बर्फ पडत होता, तुम्ही हातमोज्याने बाक साफ केलात आणि पायाखाली टाकायला गाडीतून पुठ्ठे आणलेले, एक तुमच्यासाठी एक माझ्यासाठी. एकही टचडाऊन (बॉल मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, सहा पॉइंट) नाही, नुसते तीन फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक, तीन पॉइंट), 9-6 जिंकलो. शेवटी 4-8 वर सीझन संपला, म्हणजे आदल्या वर्षी जेवढं होतं तेवढंच, आणि पुढेही फ्रॉस्टचं काही जमलं नाही हे आपल्याला माहीतच आहे. पण माझ्यासाठी ते वर्ष निभावलं ते तुमच्यामुळे, हे मी कोणालाही सांगेन.

काकूंनाही थँक यू, तिकिटासाठी आणि मॅचनंतरच्या गरम वरणभातासाठी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं असं कळलं, म्हणजे आता त्यांच्या सीटवर त्याच बसणार. मी येईन तेव्हा माझं तिकीट मी काढतो, तुम्ही फक्त सेक्शन नंबर व्हॉट्सॲप करून ठेवा.

तुमचाच,
काकूंच्या सीटवर बसलेला पोरगा