नव्या रायफलीबरोबर तिच्या निगेचीही तरतूद हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पोलीस दलातून आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची तपासणी आणि दुरुस्ती करणारा कर्मचारी, म्हणून निवृत्त होऊन मी सोलापुरात स्थायिक झालो आहे. पोलीस ठाण्याला नवे शस्त्र मिळाले की त्याच्या पल्ल्याची आणि किमतीची चर्चा होते. पुढची वीस वर्षे ते कोण आणि कशाने साफ करणार, हे मात्र कोणी विचारत नाही. गृह विभागाचे लक्ष तिकडे वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र.

जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीचा बोल्ट जवान प्रत्येक गोळीनंतर हातानेच ओढत असल्यामुळे त्या रायफलीने थोडीफार हेळसांड सोसली. बेल्जियमच्या आराखड्यावरून ईशापूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात बनू लागलेली ७.६२ मि.मी.ची अर्धस्वयंचलित एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल, म्हणजे पुढचे काडतूस आपोआप भरणारी) मात्र तशी नाही. गोळीमागच्या वायूचा थोडा भाग नळीवरच्या सिलिंडरमध्ये शिरून पिस्टनला ढकलतो, त्या धक्क्याने ब्रीच ब्लॉक, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा ठोकळा, मागे जाऊन रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधले (काडतुसांच्या पेटीतले) काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या पोकळीत, भरतो. पिस्टनवर काजळी साचली, की हा धक्का अपुरा पडतो आणि रायफल दुसऱ्याच गोळीला अडते. वायूचे प्रमाण कमी-जास्त करणारा गॅस रेग्युलेटर फिरवून तेवढ्यापुरते भागते, पण काजळी तिथेच राहते.

एका ठाण्यात तपासणीच्या वेळी अशी अडलेली रायफल मी उघडली, तेव्हा आत खोबरेल तेल आढळले. रायफलीचे तेल संपले होते, मागणीपत्र दोनदा परत आले होते आणि जवानाने आपल्या परीने काळजीच घेतली होती. ते तेल थंडीत थिजले, त्यावर धूळ बसली आणि पिस्टन हाताने निघेना. मी त्या जवानाला दोष दिला नाही, आजही देत नाही.

आपल्या जिल्ह्याच्या हवेत तर हा प्रश्न अधिक बिकट होतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि वाऱ्याबरोबर बारीक माती उडते. त्या दिवसांत तेलाचा हात जास्त झाला, तर तेच तेल माती धरून ठेवते. उलट आषाढी वारीत पंढरपूरच्या बंदोबस्तावर पावसात भिजलेले शस्त्र त्याच संध्याकाळी पुसून, तेलाचा पातळ हात देऊन ठेवले नाही, तर नळीला गंज धरतो. गोळीबारानंतर लागोपाठ तीन दिवस नळीतून पुलथ्रू, म्हणजे चिंधी बांधून ओढायची दोरी, फिरवावा, असे आम्हाला शिकवले होते, कारण पहिल्या दिवशी स्वच्छ दिसणारी नळी दुसऱ्या दिवशी पुन्हा काळी चिंधी देते.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा आपण मनोभावे करतो. सोलापूरचा विणकरही त्या दिवशी माग पुजतो, पण तो रोज सकाळी मागावर साचलेले तंतू झाडतो आणि तेलपाणी करतो, म्हणून त्याचा माग वर्षभर चालतो.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक नव्या रायफलीबरोबर पुलथ्रू, चिंधी, ब्रश, योग्य तेल आणि स्लिंग (खांद्याला अडकवायचा पट्टा) यावी. एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढून काढणारी आकडी), फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी पिन) आणि स्प्रिंगा यांचा सुटा साठा जिल्हा पातळीवर असावा. ओठ वाकलेली मॅगझिने ठोकून सरळ न करता बदलावीत. रायफल ज्याच्या हाती द्यायची, त्याच्याकडूनच तिचे झिरोइंग, म्हणजे गोळी नेमावर लागेल अशी साइटची जुळवणी, करून घ्यावे आणि त्यासाठी लागणारी काडतुसे सरावाच्या कोट्यातून कापू नयेत. ठाण्यांतील शस्त्रे आर्मोररने दर तीन महिन्यांनी उघडून पाहावीत आणि त्यांपैकी एक तपासणी आषाढीच्या बंदोबस्ताआधी पूर्ण व्हावी.

आपला,
एक निवृत्त आर्मोरर, सोलापूर