धक्का तेवढाच, राग मात्र वेगळा

मा. संपादक,

परवा गणपत गल्लीत गर्दीत एकाची स्कूटर माझ्या पिशवीला घासली, टोमॅटो सगळे रस्त्यावर, डोकं असं तापलं की हात उचलणारच होतो, तेवढ्यात तो उतरून कानडीत 'तप्पायतु री' (चूक झाली हो) म्हणत टोमॅटो गोळा करायला लागला आणि राग तिथंच उतरला. नुकसान तर तेवढंच होतं ना! २००८ मध्ये हार्वर्डच्या कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर यांनी प्रयोगात दाखवलं, विजेचा शॉक तेवढाच असला तरी समोरच्यानं मुद्दाम दिलाय असं वाटलं की जास्त दुखतो. आपल्याकडं बसमध्ये पाय तुडवला गेला तरी आधी समोरचा मराठी बोलतो की कानडी ते ऐकतात आणि त्यावरून हेतू ठरवून मोकळे. बातमीत 'मुद्दाम' हा शब्द छापायच्या आधी तेवढं तपासा, कळकळीची विनंती.

— एक वाचक, शहापूर, बेळगाव