काका, २१५ नंबरच्या स्लाइडचं काय झालं?

काका,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं काका. सोलापुरात काका म्हटलं की निम्मी नवी पेठ वळून बघेल, तेव्हा तुम्ही निर्धास्त राहा. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडत नाही, त्यामुळे हे वहिनी वाचून दाखवतील. वहिनी, एकच विनंती: अवघड शब्द आला तर गाळा, पण काकांची चेष्टा केलीय तिथं गाळू नका.

पुढच्या आठवड्यात मी पीएचडीसाठी अमेरिकेला निघतेय. पेढे द्यायला आले त्या दिवशी आभार मानायला तोंड उघडलं, तर "स्लाइड रंगवायचं मिथिलीन ब्लू संपत आलंय, ते आधी लिहून ठेव" म्हणत तुम्ही आत गेलात. आत गेलेला माणूस परत बाहेर येईना. म्हणून हे असं चारचौघांत.

आपली ओळख झाली ती मामाच्या थुंकीच्या डबीवरून. मामा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर. दोन महिने क्षयाच्या गोळ्या नेमाने घेतल्या, वजन वाढलं, खोकला गेला, आणि तपासणीत थुंकी अजून वन प्लस, म्हणजे जंतू दिसतातच. घरात रडारड. आज्जी म्हणाली औषध खोटं आहे. मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे घरातली मायक्रोबायॉलॉजिस्ट, म्हणून मलाच सरकारी लॅबच्या खिडकीवर पाठवलं. लॅब टेक्निशियन म्हणून तुमच्या सरकारी नोकरीचे तेव्हा शेवटचे सहा महिने राहिले होते. मी भांडायच्या तयारीनं आले होते. तुम्ही म्हणालात, "का घाबरालीस? स्लाइडवर मेलेला जंतू बी लालच दिसतो आणि जिता बी लालच. भिंत उभी हाय म्हणून घरात माणूस हाय असं नसतंय."

झील-नील्सन स्टेनिंग, म्हणजे क्षयाचा जंतू दिसावा म्हणून स्लाइड रंगवायची रीत, मला पुस्तकात पाठ होतं. कार्बोल फ्युक्सिन हा लाल रंग, वाफ येईपर्यंत गरम, मग आम्ल, मग निळा रंग. क्षयाच्या जंतूची भिंत मेणचट असते, तिच्यात शिरलेला लाल रंग आम्लानं निघत नाही, हेही पाठ होतं. पण जंतू मेला तरी भिंत तशीच राहते आणि तीही रंग धरून ठेवते, याचा अर्थ मामाच्या बाबतीत काय, हे माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. औषधाला दाद न देणारा प्रकार तर नाही ना म्हणून मामाच्या पुढच्या तपासण्या झाल्या. कल्चरला, म्हणजे थुंकीतून जिते जंतू उगवतात का ते बघायला, आठ आठवडे वाट पाहिली. काहीच उगवलं नाही. मामा आज लूमवर आहे आणि माझ्यापेक्षा जोरात ओरडतो.

मेलेला की जिता, हे आठ आठवडे न थांबता कसं ओळखायचं? आता पाच-सहा वर्षं मी याच प्रश्नामागे असणार आहे. अर्जात तो माझा प्रश्न म्हणून गेलाय. मूळ खिडकीतला आहे, हे इथं लिहून ठेवते.

निवृत्तीनंतर तुम्ही त्या छोट्या लॅबमध्ये बसायला लागलात आणि मी एमएस्सी करता करता संध्याकाळी तिथं यायला लागले. फुकट काम करते म्हणाले, तर तुम्ही म्हणालात काम नको, वाचायला शीक. जुन्या, रंगवून झालेल्या स्लाइड. त्यांवर नाव नाही, नुसता नंबर. तुम्ही निकालावर कागदाची पट्टी चिकटवायचा, मी वाचायचे, वहीत लिहायचे, मग पट्टी निघायची. पॉझिटिव्ह लाल शाईनं लिहायचं, ही तुमची सरकारी रजिस्टरची सवय माझ्या वहीतही आली. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी स्लाइडचा जेवढा तुकडा दिसतो ते एक फील्ड. शंभर फील्डमध्ये एक ते नऊ जंतू दिसले तर स्कॅन्टी, दहा ते नव्याण्णव तर वन प्लस. एकदा साठ फील्डवर मी कंटाळून निगेटिव्ह लिहिलं. तुम्ही काही बोलला नाहीत, नुसती खुर्ची पुन्हा पुढे सरकवलीत. जंतू ब्याऐंशीव्या फील्डमध्ये होता.

आठ महिन्यांत २१४ स्लाइड झाल्या. त्यातल्या ११ ठिकाणी तुमचं आणि माझं जुळलं नाही.

आता अर्जाचं. गल्लीत सगळ्यांना वाटतं की अमेरिकेला शिकायचं म्हणजे घर विकायचं. जीवशास्त्रातल्या पीएचडीला तिथं बहुतेक ठिकाणी फी माफ असते आणि वर दरमहा पगारासारखे पैसे मिळतात, हे आईला पटवायला मला दोन आठवडे लागले. तुम्हाला दोन मिनिटं लागली, कारण तुम्ही फक्त "काम करवून घेणार म्हणजे देणारच की" एवढंच म्हणालात. अर्जाची फी मात्र ज्याची त्याला भरावी लागते, एकेका ठिकाणी पाऊणशे-शंभर डॉलर. ती परवडत नाही असं सरळ ईमेल करून कळवलं तर काही विद्यापीठं माफ करतात. हे वाचणाऱ्या मुलींनो, लाजू नका, विचारा. मला चारांपैकी दोन ठिकाणी माफ झाली. जीआरई ही प्रवेशपरीक्षा तर आता बऱ्याच ठिकाणी मागतच नाहीत. इंग्रजीची परीक्षा तेवढी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन देऊन आले.

खरा घोळ झाला स्टेटमेंट ऑफ पर्पजमध्ये. दोन पानांत आपण कोण, काय केलं, काय करायचंय ते लिहायचं. मी महिनाभर खपून लिहिलं. तुम्ही म्हणालात, "मला इंग्लिश धड येत न्हाई, एकेक वाक्य मराठीत सांग." पहिल्या परिच्छेदात डॉ. कोटणीस होते. सोलापुरातून कुणी डॉक्टरकीच्या आसपास जरी फिरकलं तरी भाषणात कोटणीस येतातच: १९१० चा जन्म इथला, १९३८ ला चीनला गेले, १९४२ ला तिथंच वारले, वय बत्तीस. मी सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "त्यांना कोटणीसांना प्रवेश द्यायचाय का तुला?"

परिच्छेद गेला.

पुढचं वाक्य होतं, आय अ‍ॅम पॅशनेट अबाउट ट्युबरक्युलोसिस. त्याचं मराठी मी केलं, "मला क्षयरोगाची आवड आहे." तुम्ही इतके हसलात की बाहेर रक्त द्यायला बसलेले आजोबा डोकावून गेले. "क्षयाची आवड! कुणाला असती गं?" त्या संध्याकाळी जे वाक्य मराठीत सांगताना मलाच लाज वाटली ते कापलं. दोन पानांचं पाऊण पान राहिलं. मी रडकुंडीला आले. "शेकडो स्लाइड वाचल्या" असं एक वाक्य त्यात उरलं होतं. तुम्ही वही मागितलीत, शेवटचं पान उघडलंत आणि म्हणालात, "शेकडो न्हाई. दोनशे चौदा. आणि अकरा चुकल्या ते बी लिही."

मी म्हणाले, काका, चुका कोण लिहितं अर्जात?

तुम्ही म्हणालात, त्यातल्या नऊ तुझ्या, दोन माझ्या, दोन्ही लिही.

त्या दोनांतली एक मला कायम आठवते. तुमच्या निकालात स्कॅन्टी होतं, शंभरात दोन. मला ते दोन सापडले, पण जंतू स्पष्ट दिसायला लागला की आसपासच्या पेशी धूसर व्हायच्या आणि पेशी स्पष्ट केल्या की जंतू गायब. म्हणजे तो थुंकीच्या थरात नव्हताच, लेन्ससाठी स्लाइडवर टाकतात त्या तेलात तरंगत होता. नंबर बघितला तर आदल्या नंबरची स्लाइड थ्री प्लस, म्हणजे जंतूंनी भरलेली. तेलाची काडी त्या स्लाइडला टेकली असणार आणि तिथले जंतू तेलाबरोबर पुढच्या स्लाइडवर आले असणार. मी भीत भीत सांगितलं. तुम्ही पाच मिनिटं मान खाली घालून बघत राहिलात, मग माझी वही ओढून लाल पेननं लिहिलंत, "माझी चूक", खाली सही आणि तारीख. एवढ्या वर्षांची नोकरी झालेल्या माणसानं एका एमएस्सीच्या पोरीच्या वहीत. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण काय बोलायचं ते कळलं नाही. अजूनही नीटसं कळलेलं नाही.

शिफारसपत्रं तीन लागतात. एका मॅडमनी चार दिवसांत दिलं, त्यांचे आभार वेगळे मानलेत. दुसऱ्या ठिकाणी उत्तर आलं, तूच लिहून आण, मी सही करतो. (हे किती जणांना ऐकावं लागतं, विचारू नका.) मी तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही म्हणालात, "म्हंजे पेशंटनंच आपला रिपोर्ट लिहायचा?" मग मी पत्र न नेता एका कागदावर माझ्या प्रोजेक्टची माहिती लिहून नेली, आणि त्या सरांनी त्यावरून स्वतः लिहिलं. छोटं लिहिलं असेल, पण त्यांचं लिहिलं.

तिसरं पत्र तुमचं. लॅब टेक्निशियनचं चालेल का म्हणून मी विद्यापीठांना विचारलं. उत्तर आलं की ज्यांनी काम प्रत्यक्ष पाहिलंय त्यांचं चालेल. तुम्ही मराठीत लिहिलंत, लॅबच्या डॉक्टर मॅडमनी इंग्रजी करून परस्पर चढवलं. ते वाचायचा हक्क मी अर्जातच सोडला होता, म्हणून आजही मला त्यातलं काही माहीत नाही. माहीत आहे ती फक्त एक गोष्ट, कारण रात्री दहा वाजता तुमचा फोन आला होता. फॉर्मवर चौकोन होते: ही विद्यार्थिनी तुम्ही शिकवलेल्यांत वरच्या पाच टक्क्यांत बसते की दहा की पंचवीस. "मी आजवर चारच पोरं शिकवली. चारांतले पाच टक्के कसे काढू?" मी म्हणाले, काका, सगळे पाचवरच टिक करतात हो. तुम्ही म्हणालात, "सगळे करू देत." आणि शेवटच्या चौकोनावर, सांगता येत नाही, तिथं टिक केलीत. त्या रात्री मी झोपले नाही. खरं सांगते, तुमच्यावर चिडलेही होते.

तीन ठिकाणांहून नकार आला. चौथ्यानं जानेवारीत मुलाखतीला बोलावलं. रात्री साडेनऊ, तिकडं सकाळचे अकरा. आमच्या घरी लूमची खडखड, शहरात गड्ड्याची यात्रा आणि भोंगे. लॅबची मागची खोली तुम्ही उघडून दिलीत आणि दाराबाहेर स्टूल टाकून बसलात. मुलाखतीतल्या प्राध्यापक बाईंनी विचारलं, त्या दोन स्लाइड कोणत्या? मी तेलाची गोष्ट सांगितली. पुढची वीस मिनिटं आम्ही तेलाबद्दल, मेलेल्या जंतूबद्दल आणि मामाबद्दल बोललो. शेवटी त्या म्हणाल्या, तुमच्या तिसऱ्या पत्रात एकही विशेषण नाही, नुसते आकडे आहेत. बाहेर आले तर तुम्ही स्टुलावर झोपला होता.

प्रवेशाचं पत्र आलं तेव्हा तुमचा पहिला प्रश्न होता, अमेरिकेत टीबी हाय का? आहे, २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर रुग्ण नोंदले गेले. आपल्याकडं वर्षाला पंचवीस लाखांच्या वर. "एवढ्याशांसाठी एवढी मोठी लॅब?" तुम्ही विचारलंत, आणि यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिथं पोचल्यावर विचारते.

शेंगाचटणी आईनं दिलीय, कडक भाकरी पेटीत फुटतील म्हणून अर्ध्याच नेतेय. वही मात्र मी नेणार आहे, मागू नका.

आणि गेल्या गुरुवारी तुम्ही जाता जाता एक स्लाइड लावून दिलीत, नंबर २१५. मी शंभर फील्ड वाचले. शंभर म्हणजे शंभर. तीन दिसले, तिन्ही थरातच होते, तेलात नव्हते. मी लाल शाईनं स्कॅन्टी लिहिलं. तेवढ्यात कुणीतरी रिपोर्ट न्यायला आलं, तुम्ही उठलात आणि पट्टी काढायची राहिली. वहीत ती ओळ अर्धी आहे. वहिनींना सांगून तेवढं कळवा.

तुमची,
चारांतली एक