पैसे द्यावेत की अन्न, हे आधी त्यांना विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की इंदूरसारखा नाशकातही भीक देणाऱ्यावर गुन्हा दाखल करावा, म्हणजे २०२७ च्या सिंहस्थाआधी गोदाघाट मोकळा होईल. त्यावर दुसऱ्या एका ताईंचं उत्तर आलं : पैसे देऊ नका, पण अन्न जरूर द्या, अन्नदानाला कोणी अडवू नये. दोन्ही पत्रं मी दोन-दोनदा वाचली. कुणाच्याच मनात वाईट नाही. पण घाटावर बसलेल्या माणसाशी दोघांपैकी कोणी बोलल्याचं जाणवलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी एसटीत ३१ वर्षं वाहक होतो. त्यातली शेवटची १४ वर्षं नाशिकच्या शहर बसवर, निमाणी स्थानकातून. (२०२१ पर्यंत शहर बस एसटीच चालवायची.) शहर बसच्या कंडक्टरच्या जिवाला सगळ्यात मोठा घोर सुट्ट्या पैशांचा. सकाळची पहिली फेरी, जो तो पन्नास-शंभराची नोट पुढे करणार, आणि बॅगेत चिल्लर नाही. तिकिटामागे किती जणांची बाकी लिहिणार? आम्हा चार-पाच कंडक्टरांना ही चिल्लर कोण पुरवायचं, तर गोदाघाटावर, रामकुंडाशी भीक मागायला बसणाऱ्या एक मावशी. संध्याकाळी त्या निमाणीवर यायच्या, पदरातली नाणी फरशीवर ओतायच्या आणि दहा-दहाच्या चळती लावायच्या. शंभराची चिल्लर, शंभराची नोट. इतक्या वर्षांत एक नाणं कमी निघालं नाही. माझ्याकडून एकदा दहाची नोट जास्त गेली, ती दुसऱ्या दिवशी परत आणून दिली होती.

एकदा मी त्यांना विचारलं, ‘‘मावशी, जेवायला तर लोक देतात. मग हे पैसे कशाला लागतात?’’ त्या रागावल्या नाहीत. बोटं मोजत सांगत गेल्या. संडासाला पैसे. अंघोळीला पैसे, आणि बाईमाणसाला उघड्यावर अंघोळ कशी जमावी, मास्तर? दिवसभर गाठोडं ज्या टपरीत ठेवायच्या, त्याला रोजचे दोन रुपये. मधुमेहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायच्या, पण तिथवर पाय चालत नसत, रिक्षा लागायची. चपला देवळाबाहेरून चोरीला जायच्या. दिंडोरीकडच्या गावात नात शिकत होती, तिच्या वह्या. आणि तंबाखू. तंबाखूचं सांगताना त्यांनी मान खाली घातली. मी स्वतः त्या काळात रोज दोन पुड्या खायचो आणि कोणापुढे मान खाली घालायचो नाही. एवढ्याशा पुडीसाठी त्या म्हाताऱ्या बाईला माझ्यापुढे शरमावं लागलं, हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

आता अन्नाचं. रामकुंडावर अन्नाचा दुष्काळ कमी आणि अन्नाचा पूर जास्त, हे घाटाजवळ राहणारा कोणीही सांगेल. दहाव्याचे विधी रोजचेच. सर्वपित्री अमावास्येला तर वडे, खीर, भाजी, पुऱ्या घेऊन माणसांची रीघ लागते. एकेका म्हाताऱ्यापुढे सात-आठ पत्रावळी. ऊन वाढतं, दुपारपर्यंत खीर फसफसते, संध्याकाळी सगळं गाईंपुढे आणि कचऱ्यात. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. लोकांचे उपवास सुरू, गाव कालिकेच्या यात्रेला, घाटावर शुकशुकाट. ज्यांना चालता येतं ते यात्रेच्या वाटेवर जाऊन बसतात. ज्यांना येत नाही ते तिथेच उपाशी. मावशींना मधुमेह होता आणि लोक त्यांना बुंदी द्यायचे. तोंडात दात नाहीत अशा बाबांच्या हातात शेव-चिवड्याची पुडी ठेवताना मी माणसं पाहिली आहेत. त्यांच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला मीही बुंदीच वाटली होती, त्याच घाटावर, कोणाला काही न विचारता.

पैसे देण्याची आपल्याला भीती वाटते, कारण ते दारूत जातील. काहींचे जातातही. मालेगाव स्टँडवर ‘पाकीट मारलं, गावाला जायचंय’ म्हणणाऱ्या एकाला मी पूर्ण भाडं दिलं, आणि चौथ्या दिवशी तोच माणूस तीच गोष्ट दुसऱ्याला सांगत होता. मला इतका राग आला की महिनाभर मी कोणालाच काही दिलं नाही. त्या महिन्यात त्या माणसाचं काय बिघडलं? माझा हात आखडला तो ओळखीच्या म्हाताऱ्या माणसांपुढे. तेव्हापासून मी एक ठरवलं आहे. म्हातारी, आजारी, अपंग माणसं दिसली तर जे जमेल ते रोख द्यायचं आणि त्याचा हिशेब मागायचा नाही. वेळ असेल तर शेजारी बसून विचारायचं, ‘‘काय हवंय?’’ उत्तरं ऐकण्यासारखी असतात. कोणी म्हणतं चष्म्याची काडी मोडली. कोणी म्हणतं बाम. एक बाबा म्हणाले, मला दाढी करून हवी. गंगेवरच्या (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) न्हाव्याकडे त्यांना नेलं. नंतर आरशात पाहत बराच वेळ बसून होते.

शिवाय दहा रुपये म्हणजे जेवणच की! २६ जानेवारी २०२० पासून महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली. दोन चपात्या, एक भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. ज्याच्या हातात तुम्ही दहाचं नाणं ठेवलंत, त्याला भूक लागेल तेव्हा, ताजं, बाकावर बसून, इतर गिऱ्हाइकांसारखं पैसे मोजून जेवता येतं. मात्र केंद्र चालवणाऱ्यांची बिलं थकल्याच्या बातम्या येत राहतात. अन्नदानाची कळकळ असणाऱ्या आपण सगळ्यांनी या थकलेल्या बिलांचा जाब विचारायला हवा, कारण एक केंद्र बंद पडलं की रोजची कित्येक ताटं बंद होतात.

मुलांच्या बाबतीत माझं मत अगदी उलट आहे, आणि त्यात मला जराही शंका नाही. नाशकातल्या द्वारका चौकात, मुंबई नाक्याच्या सिग्नलवर काच पुसणाऱ्या पोराच्या हातात एक रुपयाही ठेवू नये. पोर जितकं केविलवाणं, तितकी कमाई जास्त, आणि कमाई जितकी जास्त तितकं ते शाळेपासून लांब. मुलांकडून भीक मागवणाऱ्याला २०१५ च्या बालन्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्यासाठी मुलाला अपंग केलं तर किमान सात वर्षं. १०९८ या मुलांच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा, चौक आणि वेळ नीट सांगावी. मी हा फोन तीनदा केला आहे. एकदाच कोणी आलं. तरी चौथ्यांदाही करीन. पोराला खायला द्यावंसं वाटलं तर आपल्यासमोर खाऊ घालावं, म्हणजे ते त्याच्याच पोटात जाईल.

आता सिंहस्थाआधी घाट मोकळा करण्याचं. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आपल्याकडे अजून लागू आहे. पहिल्यांदा सापडलेल्याला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात ठेवता येतं, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. या कायद्याच्या व्याख्येत गाणं म्हणून, नाचून, भविष्य सांगून पैसे मागणंही बसतं, म्हणजे पहाटे दारात येणारा वासुदेवही त्यात आला. पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि माणूस भटकतो आहे, एवढंही पुरतं. हाच कायदा दिल्लीला लावला होता. तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्याची कलमं रद्द केली. २०२१ मध्ये चौकातून भिकाऱ्यांना हटवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा, आपण याकडे उच्चभ्रूंच्या नजरेतून पाहणार नाही, असं न्यायालयाने सुनावलं.

मावशींना एका वर्षी असंच गाडीत घालून नेलं. कोणत्या सणाआधी, कोणी, ते आता उगाळत नाही. पाच महिन्यांनी त्या परत आल्या त्या अर्ध्या होऊन. टपरी तोवर उठली होती आणि गाठोडं गेलं होतं. त्यात रेशनकार्ड होतं, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला होता. श्रावणबाळ योजनेसाठी त्यांचा अर्ज भरायला मीच घेतला होता. ६५ वर्षांवरच्या निराधाराला आज महिना दीड हजार रुपये देणारी ही योजना. वर्षाचं उत्पन्न २१ हजारांच्या आत हवं, आणि १५ वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा पुरावा हवा. मावशी सारा जन्म या जिल्ह्याबाहेर गेल्या नव्हत्या, पण पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं? रामकुंडाची तिसरी पायरी? तो अर्ज पुढे सरकला नाही. ती गाडी आली नसती, ते गाठोडं राहिलं असतं, तर कदाचित सरकला असता. दोन वर्षांनी त्या गेल्या. तोवर त्यांनी मला चिल्लर देणं थांबवलं नव्हतं.

पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे बरीच वर्षं मंदिर-मशिदींबाहेर बसणाऱ्यांना तिथेच जाऊन तपासतात, औषधं देतात. ओळख झाली, भरवसा बसला, की मग कामाचं विचारतात. कोणी वजनकाटा घेऊन बसतं, कोणी काही विकायला लागतं. तिथे सुरुवात गाडीत कोंबून होत नाही, हे आपल्या महापालिकेने बघून यावं.

शहरी बेघरांच्या निवाऱ्याचा केंद्राचा निकष एक लाख लोकवस्तीमागे १०० माणसांची सोय, असा आहे. २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजारांचं होतं. त्या जुन्या आकड्यानेही जवळपास १,५०० माणसांना रात्रीचं छप्पर हवं. संपादक महोदय, माझी विनंती एवढीच, की सिंहस्थाच्या कोट्यवधींच्या कामांच्या बातम्या छापताना आपल्या वार्ताहराला एकदा हे मोजायला पाठवा : नाशकात आज किती खाटा आहेत, त्यातल्या बायकांसाठी किती, आणि घाटावरून उचललेल्या माणसाचं गाठोडं कोण सांभाळून ठेवणार आहे.

ज्या ताईंनी अन्नदानाबद्दल लिहिलं त्यांना सांगणं, की मी रोज सकाळी साडेसातला रामकुंडाजवळ फिरायला असतो. आपण आलात तर चार-पाच जणांशी ओळख करून देईन. त्यातल्या एका आजींना सध्या डब्यापेक्षा गुडघ्याचा पट्टा हवा आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
पंचवटी, नाशिक