सगळ्यांना सहाच सेशन?

मा. संपादक, स. न.

सोलापुरात आता लोक डिप्रेशनचं नाव तरी उघड घेतात, पण कौन्सेलिंगला जायचं म्हटलं की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो "किती वेळा यावं लागंल?" आणि बऱ्याच ठिकाणी उत्तर तयारच असतं, सहा सेशनचं पॅकेज. वर्षभर झोप उडालेल्या बाईला पण सहा आणि रिझल्टच्या टेन्शनने पंधरा दिवस गप्प बसलेल्या पोराला पण सहा, हे काही पटत नाही बघा.

त्रास किती आहे ते मोजता येतं. पीएचक्यू-९ म्हणून नऊ प्रश्नांचा फॉर्म आहे, मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह कसा होता ते विचारतात, स्कोअर ० ते २७, दहापासून मध्यम आणि वीसपासून तीव्र धरतात. शेवटचा प्रश्न जीव द्यायच्या विचारांचा, तिथे हो आलं तर बाकीचा स्कोअर बघत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हाच फॉर्म दर दोन-तीन सेशनला परत भरला तर स्कोअर उतरतोय की तिथंच अडकलाय ते पेशंटलाच दिसेल, खर्च शून्य.

आता जास्त त्रासाला जास्त सेशन हे ढोबळमानाने खरं, पण सरळ हिशोब नाही. अमेरिकेत केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून मांडलं की आठ सेशनपर्यंत साधारण निम्म्या लोकांना फरक पडतो आणि ७५ टक्क्यांपर्यंत जायला सव्वीस लागतात, म्हणजे सुरुवातीला भराभर आणि मग हळूहळू. उलट आपल्या शेजारच्या गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशनवाल्यांना डॉक्टर नसलेल्या पण ट्रेनिंग घेतलेल्या कौन्सेलरनी सहा ते आठच सेशन दिली, तर तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक त्यातून बाहेर आले होते, ज्यांना ही सेशन नव्हती त्यांच्यात ३९ टक्के (लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ ला आलंय). म्हणजे सहा वाईट नाहीत हो. पण उरलेल्या ३६ जणांचं काय? त्यांना पुढची तारीख कोण देणार, माझं म्हणणं एवढंच आहे.

आणि आपल्याकडे खरं तर सेशन किती हे आजार नाही, खिसा ठरवतो. विडी वळणाऱ्या बाईला मजुरी हजार विड्यांवर मिळते, अर्धा दिवस दवाखान्यात गेला की तेवढ्या विड्या गेल्या, करमाळा-मंगळवेढ्याहून येणाऱ्याचं एसटीचं भाडं वेगळंच, त्यात जरा झोप लागायला लागली की घरचेच म्हणतात आता बरी झालीस की, कशाला जातीस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजारालाही बाकी आजारांसारखाच विमा द्यायचा असं लिहिलंय, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झाल्यावरच पैसे देतात, त्यामुळं ॲडमिट व्हायची वेळ येऊ नये म्हणून धडपडणारा पेशंट सगळं स्वतःच भरतो!

टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, तो मधल्या दिवसांत उपयोगी पडतो, पण दर आठवड्याला समोर बसणारं तेच माणूस ते तेच. म्हणून विनंती एवढीच की दवाखान्यांनी पीएचक्यूचा स्कोअर केसपेपरवर लिहावा, सहाव्या सेशनला तो बघून पुढचं ठरवावं, आणि महापालिकेने आपल्या दवाखान्यांत कौन्सेलिंगला संध्याकाळची वेळ द्यावी, पूर्व भागात तर तेलुगू बोलणारा कौन्सेलर पाहिजेच.

एक वाचक, अशोक चौक, सोलापूर