नंदूस पत्र : कॉम्बीला हात लावण्याआधी

ठाणे,
रविवार, ८ जून २०२५

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. मामांची कॉम्बी शेवटी तुझ्याकडे आली हे वाचून फार बरं वाटलं. ती भंगारात गेली असती तर मला खरंच वाईट वाटलं असतं. २००४ सालची स्कोडा ऑक्टाविया कॉम्बी, म्हणजे मागे सामानासाठी लांब केलेली ऑक्टाविया, १.९ टीडीआय डिझेल, ९० पीएस. कॉलेजात असताना आपल्या चौघांच्या सॅक, तंबू आणि वर तांदळाचं पोतं मामांनी याच गाडीच्या डिकीत एका फेरीत नेलं होतं, आठवतं ना?

तू आता कासारवडवलीला राहायला येणार आणि रोज ऐरोलीला जाणार. गाडीला सायलेन्सर काढून सरळ पाइप, ४० मिलिमीटर खाली आणणाऱ्या स्प्रिंग आणि सतरा इंची अलॉय लावायचं तुझ्या मनात आहे. यातलं सगळं मी माझ्या कॉम्बीला करून बसलो होतो आणि नंतर जवळजवळ सगळं काढलं. ते का, हे तुला नीट लिहायचं म्हणून आज सकाळी बसलोय. फोनवर हे होत नाही, अर्ध्यात कोणाचा तरी दुसरा फोन येतो.

स्प्रिंगपासून सुरुवात करतो, कारण माझी सगळ्यात मोठी चूक तिथे झाली. दुकानदाराने 'ऑक्टावियाच्याच आहेत' म्हणून चार स्प्रिंग दिल्या. होत्या ऑक्टावियाच्याच, पण कॉम्बीच्या नव्हे, साध्या ऑक्टावियाच्या. कॉम्बीच्या मागच्या स्प्रिंग वेगळ्या असतात, मागे सामान भरलं जाणार हे धरूनच बनवलेल्या. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. एकटा चालवत होतो तोवर काही कळलंही नाही. उलट पहाटे घोडबंदरच्या उड्डाणपुलांवर गाडी वळणात अशी चिकटून जायची की ऑफिसला लवकर निघायची सवयच लागली.

मग गेल्या वर्षीचे गणपती आले. आम्ही मूर्ती दरवर्षी पेणहून आणतो. मागची सीट अर्धी पाडली, मूर्ती पाटावर, दोन्ही बाजूंना उशा, शेजारी आई. तिने एक हात पाटावर ठेवला होता तो ठाण्यापर्यंत काढला नाही. परत येताना पनवेलच्या अलीकडे एका पुलाच्या सांध्यावर मागून 'ठक' झालं. पुढच्या सांध्यावर पुन्हा. शॉकअपचा दांडा पूर्ण खाली जाऊन बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडसरावर, आपटत होता. मी वेग चाळीसवर आणला तरी तेच. घरी पोहोचून मूर्ती उतरवली तेव्हा प्रभावळीच्या उजव्या टोकाचा नखाएवढा तुकडा पाटावर पडलेला दिसला. आईने तो चिमटीत उचलला, हळदीकुंकवाच्या करंड्याच्या झाकणात ठेवला, आणि मला एक शब्दही बोलली नाही. प्राणप्रतिष्ठा व्हायची होती म्हणून गुरुजींनी तुकडा चिकटवून रंग द्यायला सांगितलं, आणि पूजा व्यवस्थित झाली. पण ते झाकण माझ्या डोळ्यांसमोरून गेलं नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या शनिवारी मी गाडी गॅरेजला नेली.

हिशेब अगदी साधा आहे रे. चाकाला वर जायला जेवढी जागा कंपनीने ठेवलेली असते, त्यातले ४० मिलिमीटर तू उभ्या गाडीतच खर्च करतोस. त्यावर पाच माणसं आणि डिकीभर सामान चढलं की खड्ड्यासाठी उरतं किती? मऊ स्प्रिंग असेल तर काहीच नाही. आणि एकदा दांडा बंपस्टॉपला टेकला की त्या क्षणापुरती गाडीला सस्पेन्शनच राहत नाही, धक्का थेट बॉडीत.

टायरचं वेगळंच. मी टायर वरचेवर बघायचो, नक्षी छान दिसायची. एकदा सहज चाकाच्या मागे हात घालून आतल्या कडेवरून तळवा फिरवला तर कडेची चार बोटं रबर काचेसारखं गुळगुळीत, आणि एका जागी तार बोटाला टोचली. गाडी खाली आली की पुढची चाकं वरच्या अंगाने आत कलतात आणि टोसुद्धा, म्हणजे चाकं समोरच्या बाजूने किती आत-बाहेर वळलेली आहेत तेही, बदलतो. टायर मुख्यतः खातो तो टो. स्प्रिंग बदलल्यावर अलाइनमेंट करायला हवं होतं, ते मी 'पुढच्या आठवड्यात' म्हणत पाच महिने घालवले. तू ही सवय लावून घे: महिन्यातून एकदा, गाडी थंड असताना, चारही टायरच्या आतल्या कडेवर हात फिरवायचा. डोळ्यांना दिसत नाही ते हाताला कळतं.

आता माझ्या गाडीत काय आहे ते सांगतो. स्प्रिंग कॉम्बीच्याच, मूळ उंचीच्या. शॉकअप चारही नवे, गॅसचे. पुढे स्ट्रट माउंट आणि त्यातलं बेअरिंग, लोअर आर्मचे बुश, म्हणजे सांध्यांतली रबरं, स्टॅबिलायझरच्या लिंक, सगळं नवं. खरं सांगू का नंदू, तुला गाडीत जी धार हवी आहे ना, ती बहुतेक याच कामातून मिळते. वीस वर्षांत ते रबर चिरलेलं असतं. स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी अर्धा क्षण उशिरा वळते ती त्यामुळे, आणि आपल्याला वाटतं गाडी उंच आहे म्हणून. मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून एक गोष्ट मात्र बघ. लोअर आर्मचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना केले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चांगला मिस्त्री हे न सांगता करतो. घाईत असलेला करत नाही.

चाकं. कॉम्बीचं माप लिहून ठेव: पाच बोल्ट, १०० पीसीडी म्हणजे बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर, मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. नंतर आलेल्या लॉराची चाकं ११२ पीसीडीची, ती बसणार नाहीत, कोणी कितीही स्वस्तात देऊ दे. पोलो, व्हेंटो, रॅपिड यांची १०० पीसीडीची असतात आणि ठाण्यात जुन्या बाजारात मिळतातही. पण त्यावर चढवलेला १८५/६० आर १५ टायर वापरू नकोस. त्याचा लोड इंडेक्स ८४, म्हणजे एका टायरला ५०० किलो. आपल्या मूळ १९५/६५ आर १५ चा ९१, म्हणजे ६१५ किलो. चार टायरांत मिळून साडेचारशे किलोहून जास्त फरक पडतो. भरलेल्या कॉम्बीला हा फरक म्हणजे चेष्टा नाही.

सतरा इंचाला २२५/४५ टायर येतो. बाहेरचा व्यास मूळ टायरइतकाच, ६३४ मिलिमीटर, त्यामुळे स्पीडोमीटर बरोबर राहतो आणि दुकानात सगळे तेच सांगतात. पण रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची भिंत १२७ मिलिमीटरवरून १०१ वर येते, ते कोणी सांगत नाही. जुलैत माजिवड्याला पुलाखाली पाणी साचलं होतं, आत खड्डा आहे हे कळलंच नाही. पुढचं डावं चाक गेलं. रिमची कड आत दबली आणि टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला. फुगा आला म्हणजे आतले धागे तुटले, तो टायर गेलाच. मुलीला शाळेत सोडायला निघालो होतो. पावसात रस्त्याच्या कडेला स्टेपनी लावेपर्यंत ती मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन शांत बसून होती.

त्यानंतर मी सोळा इंच घेतले, २०५/५५ आर १६, त्यातही लोड इंडेक्स ९१ बघून. भिंत ११३ मिलिमीटर. चालवायला छान, दिसायलाही भरलेलं. तरी तुझा रोजचा रस्ता कासारवडवलीहून माजिवडा, पुढे कळवा, विटावा, आणि मग ऐरोली. वर मेट्रोचं काम, खाली पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्या सांध्यांवर उंचसखल. मी तुझ्या जागी असतो तर पंधराच ठेवले असते, अलॉय चांगले बघून, आणि उरलेले पैसे टायरमध्ये घातले असते. ओल्या रस्त्यावर थांबायला टायरच लागतो.

बाहेरचे अलॉय घेतलेस तर मधलं भोक मोठं असतं, तिथली फट भरणारी स्पिगॉट रिंग मागून घे, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही केलं तरी जात नाही. आणि आपल्या गाडीला नट नाहीत, बोल्ट आहेत. कंपनीच्या बोल्टची बैठक गोल असते, बाहेरच्या बऱ्याच अलॉयची शंकूसारखी. चुकीचा बोल्ट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि चालता चालता सैल होतो. हे अजिबात चालवून घेऊ नकोस.

आता सायलेन्सर. तुझी सगळ्यात जास्त हौस इथे आहे, हे मला माहीत आहे, म्हणून शेवटी ठेवलं. टीडीआयला टर्बो आहे. एक्झॉस्टचा बराचसा आवाज टर्बोच गिळतो, त्यामुळे सरळ पाइप टाकून तुला जो आवाज ऐकायचाय तो या इंजिनातून येतच नाही. येतो तो घुमारा. चार सिलेंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे २,००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ६७ ठोके. कॉम्बीची मागची बाजू एकसंध पोकळी आहे, डिकी आणि सीट यांच्यामध्ये काही आडवं नाही. तो खोल आवाज आत येऊन तिथेच घुमतो. आणि आपण रोज चालवतो ते नेमकं २,००० च्या आसपासच. ठाणे-बेलापूर रोडला वीस मिनिटं एकसारखा वेग धरला की कानात दडे बसल्यासारखं व्हायचं. आई मागे बसली की बोलणंच बंद करायची. मला वाटायचं तिला झोप आली. एकदा तिने सहज विचारलं, 'गाडीला काही झालंय का रे?' तेव्हा कळलं की तिला ऐकूच येत नव्हतं, आणि ती मला त्रास नको म्हणून गप्प राहत होती.

मग मी मधला डबा परत बसवला आणि पूर्ण लाइन ३०४ स्टेनलेस स्टीलची करून घेतली, मापं मूळचीच. हे मात्र तू जरूर कर. एक लिटर डिझेल जळलं की त्यातून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. छोट्या फेऱ्यांत मागचा डबा तापतच नाही आणि ते पाणी आतच राहतं. वर खाडीची हवा आणि चार महिने पाऊस. साधा डबा आतून कुजतो, बाहेरून काही दिसत नाही, एक दिवस पान्याने टकटक केलं तर डब्याला भोक पडतं. वेल्डिंग आर्गॉनचं घे, आणि काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह काढायला सांग. आधी चारी रबरी हँगर नवे घाल. माझ्या गाडीचा निम्मा खडखडाट त्या साठ-सत्तर रुपयांच्या रबरांचा होता. धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरला हात लावू देऊ नकोस. तुझ्या मागे दुचाकीवर कोणाचं तरी पोरगं बसलेलं असतं, तो धूर त्याच्या नाकात जातो.

कायद्याचंही बघून ठेव. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत दिलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्या गाड्यांना पंधरा वर्षं कधीच उलटली, नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. तेव्हा गाडी निरीक्षकासमोर उभी राहते, आणि तिथे मोठा आवाज आणि खाली आलेली गाडी घेऊन जायला मला तरी आवडलं नसतं. अलॉय लावलेस की विमा कंपनीला लेखी कळव.

तुला हौस करू नकोस असं मी म्हणत नाही. मला अजूनही ही गाडी जगातली सगळ्यात देखणी वाटते. पावसाचा जोर वाढण्याआधी ये. येत्या शनिवारी जमेल? माझा मिस्त्री वर्तकनगरला आहे, शांत माणूस आहे, दोघं मिळून तुझी गाडी लिफ्टवर घेऊ आणि आधी काय काय झिजलंय ते बघू. येताना गाडी रिकामी आणू नकोस, वहिनींना आणि काकूंना घेऊन ये. त्या मागे बसल्या असताना गाडी किती खाली जाते ते मला फेंडरपासून टेपने मोजायचं आहे. तो आकडा मिळाला की शॉकअप कोणते घ्यायचे ते ठरवू.

आणि एक. चाकं कोणतीही घेतलीस तरी बसवल्यावर शंभर किलोमीटर झाले की बोल्ट १२० न्यूटन मीटरला पुन्हा तपासून घे. टॉर्क पाना माझ्याकडे आहे.

आई तुला विचारत होती. तिने आंब्याचं लोणचं घातलंय, बरणी तुझ्यासाठी बाजूला काढली आहे.

तुझा,
अवी