भिंतीवर उभे राहिलेल्या काकांना

काका, नमस्कार.

नाव लिहू नकोस म्हणालात म्हणून नुसतं काकाच म्हणतेय. तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण तुम्हाला ओळखणारं कोणीतरी वाचेल आणि तुम्हाला दाखवेल एवढी खात्री आहे. रविवारी मी तुम्हाला धड थँक्यू पण म्हणाले नाही. हेल्मेट काढलं आणि तिथेच खाली बसून रडायला लागले, आणि तुम्ही पाण्याची बाटली माझ्या शेजारी ठेवून हळूच निघून गेलात. चार दिवस झाले, अजून आठवलं की भरून येतं, म्हणून आता लिहूनच टाकते.

सव्वा वर्ष जी भिंत मला जमत नव्हती ती जमली काका. साडेचार फूट, सरळसोट उभी, पायथ्याशी उतार नाही की मध्ये टायर अडकवायला खाच नाही, आणि माझ्या बाईकचं हँडल तिच्या कडेच्या खालीच राहतं. ज्यांनी ट्रायल्स बाईक बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते, ही गाडी असते सत्तर किलोच्या आसपास, सीट जवळपास नसतंच, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभं राहूनच चालवायची आणि सेक्शनमध्ये, म्हणजे आखून दिलेल्या अडथळ्यांच्या टप्प्यात, पाय टेकला की पॉइंट बसतो. एकदा टेकला तर १, दोनदा २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३, आणि पडलात किंवा अडकलात तर सरळ ५. ज्याचे कमी तो जिंकला. यात स्पीडचं काही काम नाही, सगळं बॅलन्स आणि टायमिंग.

मी आधी जिथे शिकायला जायचे तिथल्या सरांकडे एकच वाक्य होतं, थ्रॉटल खोल, घाबरू नकोस. भिंत कुठलीही असो, चूक कुठलीही असो, थ्रॉटल खोल. माझ्या बाईकला किल स्विचची दोरी होती, म्हणजे एक टोक मनगटाला आणि दुसऱ्या टोकाला मॅग्नेटचं बटण, माणूस गाडीपासून लांब गेला की बटण निघतं आणि इंजिन बंद. ती दोरी सरांनी पहिल्याच आठवड्यात गुंडाळून हँडलला टेप मारून टाकली, म्हणे याने माणूस घाबरट होतो. मग मागच्या वर्षी मी याच भिंतीवर उलटी झाले. पुढचं चाक कडेच्या वर गेलं, गाडी उभी राहिली आणि मी मागे जायला लागले. मागे पडताना माणूस जे हातात आहे ते गच्च धरतो, आणि इथे हातात थ्रॉटल असतं, जितकं लटकाल तितकं ते आणखी उघडतं. मी खाली, गाडी वर, आणि इंजिन किंचाळतंय. घोट्याचं लिगामेंट गेलं, सहा आठवडे प्लास्टर. सरांनी आधी गाडी उचलली आणि लिव्हर तुटला का ते बघितलं, आणि नंतर सगळ्यांसमोर म्हणाले की मुलींना यात ताकद कमी पडते. लाइया सान्झने बायकांची ट्रायल वर्ल्ड चॅम्पियनशिप १३ वेळा जिंकलीये हे मला तेव्हाही माहीत होतं, पण प्लास्टरमधला पाय घेऊन वाद घालायची ताकद नव्हती. राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

रविवारी तुम्ही त्या दगडावर बसून बघत होतात. मी भिंतीपर्यंत जायचे आणि ब्रेक मारायचे, जायचे आणि ब्रेक मारायचे. दहा-बारा वेळा झालं असेल. मला वाटलं आता हेही म्हणणार, थ्रॉटल खोल. तुम्ही उठून आलात आणि विचारलंत, "बाळा, आधी कधी मागे पडलीयेस का?" बस. एवढंच. सव्वा वर्षात हे कोणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही मला भिंतीकडे जाऊच दिलं नाहीत. अर्धा तास सपाट जमिनीवर पुढचं चाक उचलायचं, क्लच दाबायचा, मागच्या चाकाचा ब्रेक मारायचा, आणि जास्तच मागे गेली तर गाडी सोडून मागे पायांवर उतरायचं. पडायचं नाही, उतरायचं. आणि ते सुरू करायच्या आधी तुम्ही जे केलंत त्याच्यासाठी खरं तर हे सगळं पत्र आहे.

तुम्ही हँडलवरची ती टेप नखाने सोलून काढलीत. जुनी झाली होती, तुकडे तुकडे निघत होते, तुम्ही एक एक तुकडा काढत होतात आणि चिकट डिंक अंगठ्याने पुसत होतात. दोरी सुटी केलीत, लूप माझ्या ग्लोव्हवरून मनगटात घातलात आणि एकदा ओढलंत. टक् झालं, इंजिन बंद. "चालते," म्हणालात, बटण परत लावलंत. मी परत किक मारली.

आणि मग प्रत्येक वेळी. भिंत सुरू केल्यावर तुम्ही वर उभे होतात, मायंडर, म्हणजे रायडरला सांभाळायला थांबलेला त्याचा माणूस, उभा राहतो तसे, कडेपासून एक पाऊल मागे. माझा ट्राय फसला की तुम्ही कडेवर बसून खाली सरकायचात, माझ्यापर्यंत यायचात, दोरी मनगटाला आहे ना बघायचात, हलकासा झटका द्यायचात आणि बाजूच्या दगडांवरून परत वर. मी सत्तावीसपर्यंत मोजलं, नंतर सोडून दिलं. तुमचा उजवा गुडघा दुखत होता, तुम्ही दर वेळी तो धरून उठत होतात, मला दिसत होतं. वरून ओरडून विचारता आलं असतं की दोरी लावली का गं. तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या रायडरलाही ही दोरी लावावीच लागते हे तुम्ही मला सगळं संपल्यावर सांगितलंत, म्हणजे नियमाचा धाकसुद्धा दाखवला नाहीत. पंधराव्या-सोळाव्या वेळेला कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी ब्रेक मारायचं थांबवलंय.

टेक्निक तुम्ही तोंडाने आवाज काढून शिकवलंत. बर्र, बर्रप. पहिला छोटा, दुसरा मोठा. पहिल्याने पुढचं चाक उचलून भिंतीवर बऱ्यापैकी वर लावायचं, ते आदळलं की गाडी दबते, आपणही गुडघ्यात दबायचं, आणि ती परत उसळते त्याच क्षणी दुसरा बर्रप आणि क्लच एकदम सोडायचा. मग गाडी उडी मारते आणि मागचं चाक भिंतीच्या वरच्या भागाला जाऊन चावतं, मागच्या टायरमध्ये हवाच पाच पीएसआयपेक्षा कमी असते ना, ते चपटं होऊन पकडतं. आणि मग, हे महत्त्वाचं, थ्रॉटल बंद. हँडल पुढे ढकलायचं आणि बंद. म्हणजे जिथे मला सव्वा वर्ष खोल खोल सांगत होते तिथे बंद करायचं होतं काका. ते कळल्यावर मला आधी राग आला आणि मग इतकं हलकं वाटलं.

तीन वेळा गाडी कडेवर लटकली आणि तुम्ही फोर्क धरून ती वर ओढून घेतलीत. म्हणालात, कॉम्पिटिशन असती तर माझा हात लागल्याचे तुला पाच पॉइंट. मग शेवटच्या वेळी मागचं चाक चावलेलं मला पेगमधून पायाला कळलं, थ्रॉटल बंद केलं, आणि वर मान केली तर तुम्ही समोर, दोन्ही हात मागे घेतलेले. आपोआप नव्हते ते मागे गेलेले, तुम्ही मुद्दाम ठेवले होते, म्हणजे मला नंतर शंका नको की काकांनी धरलं होतं का.

ट्रायल्स रायडर तोनी बोऊ २००७ पासून दर वर्षी इनडोअर आणि आउटडोअर दोन्ही वर्ल्ड टायटल घेत आलाय, २०२४ पर्यंत एकही चुकलं नव्हतं, त्याचे व्हिडिओ मी शेकड्याने बघितलेत. त्याच्याही भिंतीच्या वर एक माणूस वाकून उभा असतो. इतकी वर्षं मी त्या माणसाकडे बघितलंच नव्हतं. आता तोच दिसतो. रिझल्टमध्ये त्याचं नाव नसतं, आणि रायडर चुकला तर सत्तर किलोची गाडी त्याच्या अंगावर येणार असते. तरी उभा असतो. अशी माणसं सगळीकडे असतात असं मला आता वाटायला लागलंय, कोणी शिडीचा पाय धरून उभं असतं, कोणी पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीखाली नुसता तळवा ठेवून असतं, आणि काम झालं की बाटली ठेवून निघून जातं. तुमचं माझं काय नातं होतं? काहीच नाही. तुम्ही तर दुसऱ्या कोणाला सोडायला आला होतात.

काल परत गेले होते. आठ वेळा प्रयत्न केला, तीन वेळा वर. हँडलवर टेपचा थोडा डिंक अजून आहे, तो मी काढला नाहीये. दर वेळी निघायच्या आधी दोरी ओढून बघते, टक्, बंद, मग परत किक.

या रविवारी आलात तर वरच थांबा काका, गुडघा सांभाळा. दोरी मी ओढून बघितलेली असेल.